चालत्या गाडीची दुरुस्ती

मुलाला किंवा मुलीला गूगलसारख्या कंपनीत नोकरी लागली की घरी पेढे वाटले जातात. पगाराचा आकडा नातेवाइकांत फिरतो. कार्यालयातील मोफत जेवणाची, रंगीबेरंगी बैठकांची आणि व्यायामशाळेची छायाचित्रे कौतुकाने पाहिली जातात. मात्र तेथे दिवसभर नेमके काय काम चालते, असे विचारले तर 'कॉम्प्युटरवर काहीतरी' यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाही. सॉफ्टवेअर अभियंता म्हणजे सतत नवे प्रोग्राम लिहिणारा कुशाग्र बुद्धीचा माणूस, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नसली तरी फार अपुरी आहे. कोट्यवधी लोक एखादी प्रणाली वापरत असतानाच ती बदलायची आणि बदल झाल्याचे कोणाला जाणवूही द्यायचे नाही, हे या कामाचे खरे स्वरूप आहे. मुंबईच्या लोकलसाठी रविवारी मेगाब्लॉक घेता येतो. शोधयंत्राला किंवा ई-मेलला ती सोय नाही. येथे रूळही चालत्या गाडीखालीच बदलावे लागतात.

गूगल आणि तिचे अभियंते यांनी आपल्या कार्यपद्धतीविषयी शोधनिबंध, पुस्तके आणि निवेदने यांतून बरेच जाहीर लेखन केले आहे. त्यावरून या नोकरीचे जे चित्र उभे राहते, ते पगाराच्या आकड्यापेक्षा अधिक बोलके आहे.

दोनशे कोटी ओळींचा वाडा

रेचल पॉटविन आणि जॉश लेव्हनबर्ग या गूगलच्या दोन अभियंत्यांचा एक निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनीचा बहुतेक सर्व कोड एकाच सामायिक भांडारात ठेवला जातो, असे त्यांनी त्यात सांगितले होते. जानेवारी २०१५ मध्ये या भांडारातील सुमारे ९० लाख फायलींत मिळून जवळपास २०० कोटी ओळी होत्या. २५ हजारांहून अधिक अभियंते त्यावर काम करीत. कामाच्या एका दिवसात माणसे सुमारे १६ हजार बदल करीत आणि स्वयंचलित प्रणाली आणखी २४ हजार.

या आकड्यांचा नवागतासाठी अर्थ असा, की तो कोऱ्या कागदासमोर बसत नाही. शेकडो बिऱ्हाडे असलेल्या एका अवाढव्य वाड्यात तो राहायला येतो. कोणती भिंत कोणी आणि का बांधली, हे सांगणारा माणूस केव्हाच दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. त्यामुळे पहिले काही महिने लिहिण्यापेक्षा वाचण्यातच जातात. महाविद्यालयात पहिला आलेला विद्यार्थीही येथे काही काळ गोंधळलेला असतो. त्यात कंपनीची बरीचशी साधने तिने स्वतःच घडवलेली असतात. ती बाहेर कोठे शिकवली जात नाहीत आणि नोकरी सोडल्यावर तेवढी उपयोगीही पडत नाहीत.

वाड्यातील एक खांब हलवला की दूरच्या खोलीतील छत खाली येऊ शकते. या अनुभवाला तेथील एक अभियंता हायरम राइट यांच्या नावाने 'हायरमचा नियम' म्हटले जाते. वापरणारे पुरेसे असले, की प्रणालीच्या प्रत्येक दृश्य वर्तनावर कोणी ना कोणी विसंबलेला असतोच, मग त्या वर्तनाची हमी कोणी दिलेली असो वा नसो, असे हा नियम सांगतो. समजा, एखादा प्रोग्राम नावांची यादी देतो आणि ती योगायोगाने वर्णानुक्रमे येते. तशी ती येईल असे वचन कोणी दिलेले नसते. तरीही पुढे कोणी तिचा क्रम बदलला, की तिसऱ्याच विभागातील काम बंद पडते. राइट सहसंपादक असलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात प्रोग्राम लिहिणे आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी यांतील भेदाचे मूळ काळात शोधले आहे. प्रोग्राम आज चालला की पहिले काम संपते. तो दहा वर्षांनी, अनोळखी माणसांच्या हाती आणि बदललेल्या परिस्थितीतही चालत राहावा, ही दुसऱ्या कामाची जबाबदारी असते.

चोवीस ओळींचा बदल

येथे कोणताही बदल सहसा एकट्याच्या निर्णयाने भांडारात जात नाही. तो दुसऱ्या अभियंत्याने वाचून मान्य करावा लागतो. ज्या भागात बदल होत आहे, त्या भागाची जबाबदारी असणाऱ्यांपैकी कोणाची तरी संमती लागते. शिवाय संबंधित संगणकभाषेत नेटका व सुबोध कोड लिहिण्याची कंपनीअंतर्गत पात्रता बदल लिहिणाऱ्याकडे किंवा तो तपासणाऱ्याकडे असावी लागते. मोठे काम असेल तर कोडची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी काही पानांचे टिपण तयार होते. काय साधायचे आहे, काय साधायचे नाही, कोणते पर्याय विचारात घेतले आणि ते का सोडले, याची मांडणी त्यात असते. त्यावर सहकारी आक्षेप नोंदवतात. चांगले, स्पष्ट लिहिता येणे हे या व्यवसायातील मोठे कौशल्य आहे, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना फार क्वचित सांगितले जाते.

गूगलमधील या तपासणीचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ९० लाख बदल त्यात विचारात घेतले होते. तपासलेल्या बदलांचा मध्यक आकार अवघ्या २४ ओळींचा निघाला. दहा टक्क्यांहून अधिक बदल तर केवळ एका ओळीचे होते. तपासणी पूर्ण होण्याचा मध्यक कालावधी चार तासांपेक्षा कमी होता आणि तीन-चतुर्थांशाहून अधिक बदलांना एकच तपासनीस होता.

जगप्रसिद्ध कंपनीत नोकरी म्हणजे जग बदलणारे काहीतरी रोज घडत असेल, अशी अपेक्षा घेऊन आलेल्या तरुणाला हे चोवीस ओळींचे माप आरंभी खुपते. दिवसभरात हाती काय आले, तर एक छोटा बदल, त्याच्या चाचण्या आणि दुसऱ्यांच्या तीन-चार बदलांवर दिलेले अभिप्राय. परंतु हा लहानपणा जाणीवपूर्वक जोपासलेला आहे. लहान बदल नीट वाचता येतो आणि बिघाड झालाच तर तो चटकन मागे घेता येतो. आपण लिहिलेले दुसऱ्याने खोडून काढणे मनाला न लावून घेणे आणि दुसऱ्याचे खोडताना त्याचा पाणउतारा न करणे, हे दोन गुण अंगी बाणायला मात्र वेळ लागतो. संगणकाशी जमते पण माणसांशी जमत नाही, अशांसाठी हे क्षेत्र आहे, हा समज येथे पार खोटा ठरतो.

एका तिरक्या रेषेची किंमत

एवढा कडेकोट बंदोबस्त कशासाठी, याचे उत्तर ३१ जानेवारी २००९ च्या घटनेत मिळते. त्या दिवशी भारतात रात्रीचे आठ वाजले असताना गूगलवर काहीही शोधले तरी जवळजवळ प्रत्येक निकालाखाली 'हे संकेतस्थळ आपल्या संगणकाला हानी पोहोचवू शकते' असा इशारा दिसू लागला. धोकादायक संकेतस्थळांची एक यादी कंपनी ठेवत असे आणि ती वेळोवेळी अद्ययावत केली जाई. त्या दिवशीच्या यादीत कोणाच्या तरी हातून चुकून केवळ '/' ही तिरकी रेषा स्वतंत्र नोंद म्हणून शिरली. ही रेषा प्रत्येक संकेतस्थळाच्या पत्त्यात असते. परिणामी प्रणालीने सारे जगच धोकादायक ठरवले. चूक लक्षात येताच यादी मागे घेण्यात आली. कोणत्याही एका वापरकर्त्याला हा त्रास सुमारे चाळीस मिनिटे जाणवला असावा, असे कंपनीने त्याच दिवशी जाहीर केले आणि ही मानवी चूक असल्याचेही सांगितले.

सर्वच बिघाड असे तत्काळ दिसत नाहीत. १४ डिसेंबर २०२० रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास जीमेल, यूट्यूब आणि कंपनीच्या इतर अनेक सेवा जगभर बंद पडल्या. त्या पूर्ववत होण्यास पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागला. वापरकर्त्याची ओळख पटवणाऱ्या प्रणालीला किती साधनसामग्री द्यायची, हे ठरवणारी व्यवस्था त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बदलण्यात येत होती. तेव्हा जुन्या व्यवस्थेचा एक भाग तसाच राहून गेला आणि तो ओळख-प्रणालीचा वापर शून्य असल्याचे कळवत राहिला. काही काळ सवलतीची मुदत असल्याने त्याचा परिणाम दिसला नाही. मुदत संपताच स्वयंचलित यंत्रणेने 'वापर शून्य' मानून साधनसामग्री कमी केली आणि लॉग-इन लागणारी प्रत्येक सेवा कोलमडली. बीज ऑक्टोबरमध्ये पडले आणि उगवले डिसेंबरमध्ये. अभियंत्याला आज केलेल्या बदलाचे परिणाम आजच दिसतील, याची खात्री कधीच नसते.

रात्री फोन कोणाला?

अशा वेळी धावून जाणाऱ्यांची पाळी ठरलेली असते. तिला 'ऑन-कॉल' म्हणतात. पाळीवरील अभियंत्याने फोन आणि लॅपटॉप जवळ ठेवायचा, रात्री-बेरात्री इशारा आला तर ठरलेल्या मिनिटांत दखल घ्यायची, असा हा शिरस्ता आहे. गूगलमध्ये सेवांच्या विश्वासार्हतेसाठी स्वतंत्र विभाग २००३ मध्ये बेन ट्रेनॉर स्लॉस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्या विभागाच्या २०१६ मधील पुस्तकात या पाळीचे नियम दिले आहेत. लोकांना थेट लागणाऱ्या सेवेसाठी प्रतिसादाची मुदत पाच मिनिटे, तर कमी निकडीच्या सेवेसाठी तीस मिनिटे असू शकते. बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा अधिक घटना हाताळण्याची वेळ येऊ नये, असा दंडक आहे. विभागातील अभियंत्यांचा निम्म्यापेक्षा अधिक वेळ अशा दैनंदिन देखभालीत जाऊ नये, असाही नियम आहे. शक्य असेल तेथे जगाच्या दोन टोकांना दोन चमू नेमले जातात, म्हणजे एकाची रात्र दुसऱ्याच्या दिवसाने सांभाळली जाते.

या व्यवस्थेतील सर्वांत विचारप्रवर्तक कल्पना 'चुकांच्या अंदाजपत्रका'ची आहे. कोणतीही सेवा शंभर टक्के वेळ चालू ठेवण्याचे उद्दिष्ट येथे ठेवले जात नाही. ९९.९ टक्के असे ठरवले, तर वर्षातून सुमारे पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा मिळते. ९९.९९ टक्के म्हटले तर ती सुमारे ५३ मिनिटांवर येते. ही मुभा शिल्लक आहे तोवर नवे बदल करण्याची जोखीम घ्यायची. ती संपली की नवे बदल थांबवून दुरुस्तीला लागायचे. नवे हवे असणारे आणि स्थैर्य हवे असणारे यांच्यातील कायमचा वाद अशा रीतीने आवाजाऐवजी आकड्याने मिटवला जातो.

बिघाडानंतर काय झाले, केव्हा कळले, कसे आवरले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे, याचा अहवाल लिहिला जातो. त्यात व्यक्तीला दोषी धरायचे नाही, असा संकेत आहे. यामागे भाबडी क्षमाशीलता नसून रोकडा व्यवहार आहे. शिक्षेची भीती असली की माणसे चूक लपवतात आणि लपवलेली चूक पुन्हा घडते. एका माणसाच्या हातून निसटलेली तिरकी रेषा जगभर पोहोचत असेल, तर तिला वाटेत अडवणारी तपासणी का नव्हती, हा प्रश्न अधिक उपयोगाचा असतो. गूगलने आपल्या १८० हून अधिक चमूंचा अभ्यास करून २०१५ मध्ये जाहीर केलेला निष्कर्षही याला पूरक आहे. चमूत कोण आहे यापेक्षा चमूतील माणसे एकमेकांशी कशी वागतात, याला अधिक महत्त्व असल्याचे त्यात आढळले. निःशंकपणे प्रश्न विचारता येणे, चूक कबूल करता येणे, हा उत्तम चमूंचा सर्वांत ठळक विशेष ठरला.

बढतीचे गणित

चित्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. प्रणाली बिघडू न देणाऱ्याचे काम दिसत नाही. जे दिसत नाही, ते मोजायचे कसे, हा या नोकरीतील जुना पेच आहे. गूगलमध्ये अभियंत्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पदवीनंतर येणारे सहसा तिसऱ्या पायरीवर असतात आणि पाचवी पायरी ज्येष्ठ अभियंत्याची असते. व्यवस्थापक न होताही वर जाण्याची वाट आहे, ही चांगली गोष्ट. परंतु अनेक वर्षे बढतीसाठी स्वतःच्या कामाचा लेखाजोखा मांडून तो समितीपुढे ठेवावा लागे आणि त्या समितीचा उमेदवाराशी रोजचा संबंध नसे. पक्षपात टाळण्याचा हेतू रास्त होता. मात्र परक्याला पटकन कळेल असे काम, म्हणजे नवे काहीतरी सुरू करणे, हे जुने नीट सांभाळण्यापेक्षा लेखाजोख्यात उठून दिसते, अशी टीका सातत्याने झाली. २०२२ मध्ये कंपनीने मूल्यमापनाची नवी पद्धत आणली. तरी 'दिसणारे काम' आणि 'लागणारे काम' यांतील ओढाताण कोणत्याही मोठ्या संस्थेत सहजी संपत नाही.

शिवाय वर्षानुवर्षे राबून उभे केलेले काम एका निर्णयाने बंद होऊ शकते. 'गूगल रीडर' ही वाचकप्रिय सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. 'स्टेडिया' ही खेळांची सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी संपली. अशा वेळी अभियंत्याची नोकरी टिकली, तरी त्याच्या कामाची खूण पुसली जाते.

सुरक्षिततेचा भ्रम

नोकरीही टिकतेच असे नाही. स्टेडिया बंद झाल्यानंतर दोनच दिवसांनी, २० जानेवारी २०२३ रोजी, सुंदर पिचाई यांनी सुमारे १२ हजार पदे कमी करत असल्याचे जाहीर केले. ते प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या सुमारे सहा टक्के होते. अमेरिकेतील अनेकांना ही बातमी ई-मेलने कळली आणि कंपनीच्या प्रणालीत त्यांचा प्रवेश लगोलग बंद झाला. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांच्या हाती कोट्यवधी लोकांच्या सेवेची किल्ली होती, त्यांना सहकाऱ्यांचा निरोप घेण्याचीही सवड मिळाली नाही.

मराठी घरांना या घटनेची झळ वेगळ्या प्रकारे जाणवते. एच-१बी व्हिसावर अमेरिकेत असलेल्या अभियंत्याची नोकरी गेली, तर दुसरी शोधण्यासाठी किंवा अन्य सोय करण्यासाठी त्याला कमाल ६० दिवस मिळतात. घराचे कर्ज, मुलांची शाळा, वर्षानुवर्षे रखडलेले ग्रीन कार्ड हे सारे त्या साठ दिवसांवर टांगले जाते. मोबदल्याचा मोठा भाग समभागांच्या रूपाने असतो आणि ते एकदम न मिळता काही वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येतात. म्हणूनच पगाराच्या फिरणाऱ्या आकड्याकडे पाहताना त्यातील हाती आलेले किती आणि येणे बाकी किती, याचे भान ठेवलेले बरे.

यंत्राने लिहिले, वाचायचे कोणी?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने या व्यवसायाचा पायाच हलवला आहे, असे म्हटले जाते. कंपनीतील नव्या कोडपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक कोड कृत्रिम बुद्धिमत्ता तयार करते आणि अभियंते तो तपासून स्वीकारतात, असे पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले. या वाक्याचा पूर्वार्ध सर्वत्र गाजला. उत्तरार्धाकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले.

लिहिणे हा या कामाचा लहानसा भाग होता, हे एकदा ध्यानात घेतले की त्या उत्तरार्धाचे महत्त्व कळते. कोड यंत्राने लिहिला तरी तो वाड्याच्या कोणत्या खांबाला धक्का लावतो, हे कोणाला तरी ओळखावे लागेल आणि रात्री फोन वाजला तर कोणाला तरी उठावे लागेल. किंबहुना, लिहिणे स्वस्त झाले की वाचण्याचा भार वाढतो. खरी चिंता वेगळी आहे. चांगले वाचणारा अभियंता आजवर वाईट लिहून, त्यावर ज्येष्ठांच्या टिपण्या घेऊन आणि ते पुन्हा लिहूनच घडत आला. नवशिक्याच्या वाट्याची ती छोटी कामे यंत्राकडे गेली, तर उद्याचे तपासनीस कोठून येणार, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कंपनीकडे अद्याप नाही.

गूगलची अभियांत्रिकी केंद्रे बंगळूर आणि हैदराबाद येथे पूर्वीपासून आहेत. पुण्यात कार्यालय उघडण्याची घोषणा तिने जानेवारी २०२२ मध्ये केली. त्यामुळे हा विषय आता दूरदेशीचा राहिलेला नाही. महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थी अशा कंपन्यांच्या मुलाखतींसाठी कोडी आणि गणिती युक्त्या घोटत असतात. त्या उंबरठा ओलांडायला लागतात, यात शंका नाही. उंबरठ्याच्या आत मात्र दुसऱ्याचे लिहिलेले समजून घेण्याची चिकाटी, स्वच्छ लिहिण्याची सवय आणि आपली चूक वेळीच सांगण्याचे धैर्य अधिक कामाला येते. बहुतेक मुलाखतींच्या अखेरीस उमेदवारालाही प्रश्न विचारण्याची संधी मिळते. पगार आणि जेवणाची माहिती तर आधीच मिळालेली असते. तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारावेत: येथे रात्री फोन कोणाला जातो? आणि चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते?